संगणक-सल्ला : डिस्कवर जागा आहे, मग बॅकअपला ती का मिळत नाही?

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत हिशेबाचे काम बघते. आमच्या ऑफिसात एक लिनक्सचा सर्व्हर आहे आणि त्यावर बॅक्युला नावाचे बॅकअप सॉफ्टवेअर आहे. ज्या मुलाने ते बसवले तो दोन वर्षांपूर्वी पुण्याला नोकरीला गेला. मार्चअखेरच्या गडबडीत एक एक्सेल शीट माझ्याकडून चुकून ओव्हरराइट झाली, म्हणून बॅकअपमधून जुनी काढायला गेले, तर कळले की मार्चच्या पहिल्या रविवारनंतर बॅकअपच झालेला नाही. एकोणीस दिवस! स्क्रीनवर इंग्रजीत येते की जॉब थांबला आहे, लिहिता येईल असा एकही व्हॉल्यूम सापडत नाही, नवीन व्हॉल्यूमला लेबल द्या. पण चार टेराबाइटच्या डिस्कवर जवळजवळ एक टेराबाइट मोकळी दिसते. ओळखीच्या एकाने फोनवर सांगितले की जुन्या फाइली डिलीट कर नाहीतर ‘पर्ज’ कमांड दे, लगेच चालू होईल. हात लावायची भीती वाटते. मालक म्हणतात नवी डिस्क आणूया. काय करावे?
– फौंड्रीतील एक लेखापाल, शिरोली एमआयडीसी

उत्तर : हात लावला नाहीत हे फार चांगले केलेत. तुमचे पत्र वाचून मी आधी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन गेले. इथे सगळे सविस्तर लिहिते, कारण असेच ‘व्हॉल्यूम सापडत नाही’चे पत्र वर्षातून दोनतीनदा येते आणि बहुतेक वेळा पत्र येईपर्यंत कुणीतरी पर्ज करून मोकळे झालेले असते.

मी आले तेव्हा मालक दारातच भेटले. म्हणाले, “मॅडम, एवढी जागा मोकळी पडलीया आणि ह्यो म्हणतोय मला मिळंना. डिस्कच खराब असंल.” त्यांचे चुकत नाही. आपण जागा म्हणतो ती डिस्कवरची. बॅक्युला मात्र डिस्ककडे बघून जागा ठरवत नाही, स्वतःच्या वहीत बघून ठरवतो. ही वही म्हणजे त्याचा कॅटलॉग, एक डेटाबेस. कोणता व्हॉल्यूम कधी भरला, त्यात कोणत्या जॉबचे (म्हणजे एका वेळच्या बॅकअपचे) काय आहे आणि तो किती दिवस जपायचा, हे सगळे तिथे लिहिलेले असते. त्या वहीप्रमाणे लिहायला परवानगी असलेला व्हॉल्यूम उरला नाही, तर शेजारी दहा टेराबाइट मोकळी असली तरी तो थांबून राहतो.

व्हॉल्यूम हा शब्द टेपच्या काळातला. मी साखर कारखान्याच्या संगणक विभागात लागले तेव्हा आमच्याकडे चार मिलिमीटरच्या डॅट कॅसेटी होत्या. गळीत हंगामात ऊसबिलांचा डेटा रोज रात्री एका कॅसेटवर जायचा. कॅसेटला चिकटपट्टीवर नाव-तारीख लिहायची, एका बाजूची छोटी खिट्टी सरकवली की त्यावर लिहिता येत नसे. ती एक कॅसेट म्हणजे एक व्हॉल्यूम. बॅक्युलाचे काम कर्न सिबाल्ड यांनी 2000 साली सुरू केले आणि 2002 मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा टेप हेच मोठे साधन होते. आज तुमच्या डिस्कवर ‘व्हॉल-0001’, ‘व्हॉल-0002’ अशा नावाच्या ज्या जाडजूड फाइली दिसतात, त्यांना तो अजूनही कॅसेटीच समजतो. (त्यातूनच वेगळे होऊन निघालेल्या बेअरिओसचेही हेच. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनीही पुढचे वाचावे.)

आता कारखान्याच्या रेकॉर्डरूमची गोष्ट सांगते, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. तिथे प्रत्येक गठ्ठ्याला जतन मुदत असायची. सरकारी दप्तरात ‘अ’ वर्ग कायमचा आणि ‘ड’ वर्ग वर्षभराचा असतो, तसेच. रेकॉर्डकीपर मुदत संपल्याशिवाय कुणाला गठ्ठा सोडू द्यायचे नाहीत, मग रॅक कितीही भरो. बॅक्युलातल्या ‘व्हॉल्यूम रिटेन्शन’ला मी जतन मुदतच म्हणते. तुमचा बॅकअप बिघडलेला नाही. त्याला कुणीतरी सांगून ठेवले आहे की अमुक दिवस हे पुसायचे नाही, आणि तो ते पाळतो आहे.

तुमच्या सर्व्हरवर मी पहिल्यांदा बीकन्सोल, म्हणजे बॅक्युलाला कमांड द्यायची खिडकी, उघडून ‘स्टेटस डायरेक्टर’ बघितले (डायरेक्टर म्हणजे सगळे जॉब चालवणारा त्याचा मुख्य भाग). मार्चच्या पहिल्या रविवारी रात्री 23:05 ला सुरू झालेला फुल बॅकअप (म्हणजे सगळ्या फाइलींचा) व्हॉल्यूमची वाट बघत बसलेला, आणि त्याच्यामागे सोमवार, मंगळवार, बुधवारचे जॉब ओळीने उभे. पुढचा हलत नाही म्हणून मागचे खोळंबलेले. 23:05 ही वेळ बघितल्यावरच मला अंदाज आला की नमुन्याची कॉन्फिगरेशन फाइल फारशी न बदलता वापरली आहे. बॅक्युलासोबत येणाऱ्या नमुन्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी फुल, बाकीच्या रविवारी डिफरेन्शियल (मागच्या फुलनंतर बदललेले), सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल (मागच्या बॅकअपनंतर बदललेले तेवढेच), आणि सगळे 23:05 ला असेच वेळापत्रक असते.

मग ‘लिस्ट व्हॉल्यूम्स’. ही यादी तुम्ही स्वतःही बघू शकता, तिने काही बिघडत नाही. शंभर ओळी आल्या. व्हॉल-0001 पासून व्हॉल-0100 पर्यंत. ‘व्होलस्टेटस’च्या रकान्यात नव्याण्णव ठिकाणी ‘फुल’ (इथे अर्थ ‘भरलेला’), आणि व्हॉल-0064 पुढे ‘एरर’. ‘अपेंड’ असे एकाही ओळीत नाही. अपेंड म्हणजे ‘यात अजून लिहिता येईल’. फुल, यूज्ड, एरर यांत लिहिता येत नाही. मुदत संपून ‘पर्ज्ड’ झालेला व्हॉल्यूम पुन्हा वापरता येतो, पण तोही एकही नव्हता. एका रकान्यात शेवटचे लिहिल्याची तारीख असते. व्हॉल-0001 ची तारीख गेल्या ऑगस्टची.

आता पूलची, म्हणजे एकाच नियमाने चालणाऱ्या व्हॉल्यूमच्या गटाची, व्याख्या. तीन ओळी महत्त्वाच्या होत्या. जतन मुदत 365 दिवस. एका व्हॉल्यूमचा जास्तीत जास्त आकार 25 जीबी. जास्तीत जास्त व्हॉल्यूम 100. पहिली आणि तिसरी ओळ नमुन्यातलीच आहे. आकार मात्र नमुन्यात 50 जीबी असतो, त्या मुलाने तो निम्मा केला. बरोबरच केले, कारण शंभर गुणिले पन्नास म्हणजे पाच हजार जीबी, ते चार टेराबाइटच्या डिस्कवर मावलेच नसते.

गुणाकार करा. शंभर गुणिले पंचवीस, अडीच हजार जीबी. तेवढे लिहून झाले आणि शंभर या आकड्याने दार बंद झाले. उरलेली टेराबाइटभर जागा डिस्कवर आहे, पण एकशे एकावा व्हॉल्यूम तयार करायला परवानगी नाही. आणि सगळ्यात जुना व्हॉल्यूम ऑगस्टमध्ये भरलेला, म्हणजे त्याची वर्षाची मुदत पुढच्या ऑगस्टमध्ये संपणार. कुणी बघितलेच नसते तर हा जॉब पाच महिने तसाच बसून राहिला असता.

इथे एक बारीक गोष्ट. मुदत मोजली जाते ती त्या व्हॉल्यूममध्ये शेवटचे लिहिल्यापासून, आणि व्हॉल्यूम फुल किंवा यूज्ड झाल्यावरच तो पुन्हा वापरायच्या रांगेत येतो. काही जण आकाराची मर्यादाच घालत नाहीत. मग एकच फाइल अपेंड अवस्थेत वाढत वाढत अख्खी डिस्क खाते, कधी भरत नाही, म्हणून कधी मोकळीही होत नाही. तुमच्याकडे तसे नव्हते, ही त्या मुलाची पुण्याई.

आता पर्जबद्दल, मनापासून. ‘पर्ज’ ही कमांड मुदत बघत नाही. सांगाल तो व्हॉल्यूम ती वहीतून कोरा करते. ‘प्रून’ मात्र मुदत बघते आणि संपली असेल तरच सोडते. दोन शब्द यादीत एकाखाली एक दिसतात आणि घाईत कुणीही चुकेल. समजा तुम्ही पहिले वीस व्हॉल्यूम पर्ज केले असते. ऑगस्टचा फुल बॅकअप गेला असता आणि त्याच्यावर उभे असलेले ऑगस्टचे रोजचे इन्क्रिमेंटल निम्मेशिम्मे उरले असते, पाया नसलेले. आणि फोल्डरमधून हाताने फाइल डिलीट करणे त्याहून वाईट, कारण वहीत ती नोंद तशीच राहते. व्हॉल्यूमची संख्या शंभरच मोजली जाते, बॅकअप तसाच थांबलेला राहतो आणि डेटा मात्र गेलेला असतो.

पुष्कळ ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो मुदत कमी करण्याचा. 365 चे 90 करा, जुने व्हॉल्यूम सुटतील, काम चालू होईल. ते चालते, आणि कधी कधी तेच करावे लागते. पण मी आधी विचारते की एवढे भरले कशाने. शंभर व्हॉल्यूम वर्ष काढतील असा त्या मुलाचा हिशेब असणार. ते सात महिन्यांत संपले, महिन्याला साडेतीनशे जीबीच्या आसपास. फौंड्रीच्या ऑफिसात एवढा डेटा येतो कुठून? टॅलीचा डेटा काही जीबीचा. पॅटर्न आणि कोअर बॉक्सची सगळी ड्रॉइंग मिळून साठ जीबी. हीट नंबरप्रमाणे ठेवलेले टेस्ट रिपोर्ट, गिऱ्हाइकांची पत्रे, सगळे धरून नव्वदच्या वर जाईना.

तुमच्या मेथड्स (ओतण्याची पद्धत ठरवणाऱ्या) विभागातल्या मुलाने सांगितले तेव्हा उलगडा झाला. गेल्या वर्षी कास्टिंग सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर घेतले. साच्यात धातू कसा भरतो, कुठे शेवटी गोठतो, रायझर (गोठताना आकसणाऱ्या धातूला भर घालणारा साठा) कुठे लागेल, हे आता ओतण्याआधी संगणकावर बघता येते. उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग ओतणाऱ्या जुन्या मिस्त्रींनी जे डोळ्याने आणि अनुभवाने ओळखले, ते आता पडद्यावर रंगात दिसते. मी पहिल्यांदा बघितले, थक्क झाले. एका पंप केसिंगचा जाड भाग लाल राहिलेला आणि भोवतीचा निळा पडत चाललेला, तो मुलगा बोटाने दाखवत होता, “इथं आकुंचनाचं भोक पडलं असतं, म्हणून रायझर हिकडं सरकवला.” पण त्या एका गणिताचे निकाल पंधरा-वीस जीबीचे होतात, आणि प्रत्येक दुरुस्तीला नवे. ते सगळे ज्या फोल्डरात पडतात तो फोल्डर रोजच्या बॅकअपमध्ये होता.

निकाल पुन्हा काढता येतात. ज्यावरून ते निघाले ते मॉडेल, धातूचे गुणधर्म, ओतण्याचे तापमान, म्हणजे आत घातलेली माहिती, ती मात्र जपायला हवी, आणि ती प्रत्येक कामाला फार तर काही शे एमबीची आहे. पॅटर्नचे ड्रॉइंग पुन्हा निघत नाही. तिसऱ्या दुरुस्तीत मशिनिंगसाठी दोन मिलिमीटर का वाढवले हे आठवणारा माणूस उद्या नोकरी सोडून जाईल. जुन्या गिऱ्हाइकाची ऑर्डर दहा महिन्यांनी परत येते तेव्हा तेच ड्रॉइंग लागते. म्हणून तुमच्याकडे मुदत कमी करायला माझे मन होईना. 365 दिवस तुमच्या धंद्याला योग्यच आहेत.

मग आम्ही असे केले. पहिले काम त्या रात्रीचे. पूलमधली व्हॉल्यूमची मर्यादा 100 वरून 130 केली. तीस गुणिले पंचवीस, साडेसातशे जीबी, म्हणजे मोकळ्या टेराबाइटमध्ये बसते आणि थोडी जागा डिस्कला श्वास घ्यायला उरते. कॉन्फिगरेशन तपासून घेतले, बीकन्सोलमध्ये ‘रीलोड’ दिले, ‘अपडेट’मधून पूलची नोंद नव्या व्याख्येप्रमाणे करून घेतली. अडकलेला फुल बॅकअप आणि मागचे जॉब रद्द केले, कारण तो जुन्याच फोल्डरांसकट निघाला होता. मग फाइलसेटमध्ये (बॅकअपमध्ये काय घ्यायचे त्या यादीत) सिम्युलेशनच्या निकालांचा फोल्डर वगळला, मॉडेल आणि सेटिंगच्या फाइली ठेवल्या आणि नवा फुल हाताने सुरू केला. व्हॉल-0101 तयार झाला आणि त्याच्यापुढे ‘अपेंड’ हा शब्द आला, तेव्हा तुम्ही मोठ्याने सुस्कारा सोडलात, तो मला अजून आठवतो.

नव्या हिशेबाने महिन्याला एकशे वीस जीबीच्या आत जाईल. ऑगस्टपर्यंत सहाशे जीबी, म्हणजे चोवीस व्हॉल्यूम. तीस आहेत. ऑगस्टनंतर जुने एकेक सुटायला लागतील आणि बॅक्युला त्यांना आपणहून पुन्हा वापरेल, कारण पूलमध्ये ‘ऑटोप्रून’ (मुदत संपलेले आपोआप सोडणे) आणि ‘रिसायकल’ (सुटलेले पुन्हा वापरणे) दोन्ही चालू आहेत. एक लक्षात असू द्या, सुटलेला व्हॉल्यूम डिस्कवरून नाहीसा होत नाही. त्याची फाइल तेवढीच मोठी दिसत राहते, आणि पुन्हा वापरायची वेळ आली की तिच्यावर पहिल्यापासून लिहिले जाते. म्हणून ऑगस्टमध्ये डिस्कवरची जागा वाढली नाही असे बघून घाबरू नका.

व्हॉल-0064 चे ‘एरर’ एका दुपारी वीज गेली त्या दिवसाचे आहे, तारखेवरून जुळते. एरर झालेला व्हॉल्यूम बॅक्युला आपणहून परत वापरत नाही, पण शंभराच्या मोजणीत धरतो. एक असेल तर चालते. पाचसहा झाले की यूपीएस तपासायची वेळ आली.

ज्या वाचकांना मुदत खरोखरच कमी करायची आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कॉन्फिगरेशनमध्ये आकडा बदलला की नवीन व्हॉल्यूमनाच तो लागू होतो. आधी तयार झालेल्या प्रत्येक व्हॉल्यूमच्या नोंदीत जुनाच आकडा असतो, आणि लोक इथेच आठवडा घालवतात. ‘अपडेट व्हॉल्यूम’मध्ये जाऊन पूलमधल्या सगळ्या व्हॉल्यूमना नवी मुदत द्यावी लागते. दुसरे, मुदत दोन फुल बॅकअपमधल्या अंतरापेक्षा कमी कधीही ठेवू नका. फुल महिन्यातून एकदा असेल आणि मुदत वीस दिवसांची, तर फुल पुसला जाईल आणि रोजचे बॅकअप त्याच्याशिवाय लटकत राहतील. निदान दोन फुल कायम हाताशी राहतील इतकी मुदत हवी.

आणि ज्यांच्या यादीत ‘अपेंड’ व्हॉल्यूम दिसतात तरी हाच संदेश येतो, त्यांनी संदेशाच्या खालच्या ओळी वाचाव्यात. तिथे स्टोरेज, पूल आणि मीडिया टाइप ही तीन नावे दिलेली असतात. व्हॉल्यूम दुसऱ्याच पूलमध्ये असेल तर तो या जॉबला नाही. मीडिया टाइप डायरेक्टरच्या फाइलमध्ये एक आणि स्टोरेजच्या फाइलमध्ये दुसरा लिहिला असेल, अगदी एका अक्षराचा फरक, तरी जुळत नाही. नवीन व्हॉल्यूम आपोआप तयार व्हावा असे वाटत असेल तर पूलमध्ये लेबल फॉरमॅट आणि डिव्हाइसमध्ये ‘लेबल मीडिया’ला ‘येस’ हे दोन्ही हवे. सर्व्हर बंद होऊन चालू झाल्यावर बॅकअपची डिस्क माउंटच झाली नसेल, म्हणजे सर्व्हरला जोडलीच गेली नसेल, तर तो फोल्डर रिकामा असतो, आणि वहीतले व्हॉल्यूम तिथे सापडत नाहीत. अशा वेळी आधी ‘डीएफ’ ही लिनक्सची कमांड देऊन डिस्क जागेवर आहे का ते बघा, मग बाकीचे.

एकोणीस दिवस कुणाला कळले का नाही, हेही बघितले. बॅक्युलाने रोज ईमेल पाठवला होता. तो गेला होता पुण्याला गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर. आता तो तुमच्या आणि मालकांच्या, दोघांच्या पत्त्यावर येईल. पावसाळ्यात आपण कोल्हापूरकर सकाळी उठून राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी बघतो ना, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, तसे रोज सकाळी त्या ईमेलचा विषय बघा. ‘ओके’ दिसले की झाले. आला नाही तर तोही निरोपच आहे, त्या दिवशी मला फोन करा.

पुराचे नाव निघाले म्हणून सांगते. ऑगस्ट 2019 मध्ये शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याकडे मी पाणी ओसरल्यावर गेले होते. सर्व्हर टेबलाखाली, बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्हींत चिखल भरला होता. बावीस वर्षांचे खाते होते, आणि ते गृहस्थ डिस्क हातात घेऊन धुऊन चालेल का म्हणून विचारत होते. मला उत्तर देता आले नाही. तुमची एमआयडीसी उंचावर आहे, पण त्याच आठवड्यात पुलाची शिरोलीजवळ महामार्ग बंद होता आणि शहरातून तिकडे जाता येत नव्हते. तुमच्या मालकांचे घर आर. के. नगरला, म्हणून ठरवले की दर महिन्याच्या फुल बॅकअपनंतर त्याची एक प्रत छोट्या बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती घरी ठेवायची. अशा दोन डिस्क, आलटून पालटून. नव्वद जीबीला दोन टेराबाइटची डिस्क फार झाली. मालकांनी नव्या मोठ्या डिस्कचे जे पैसे बाजूला काढले होते त्यातच हे बसले.

शेवटी रिस्टोअर. त्याशिवाय मी कुठल्याही बॅकअपला चालू म्हणत नाही. तुमची एक्सेल शीट फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारच्या बॅकअपमधून निघाली, तुम्ही बेरीज जुळवून बघितलीत. पण मला जुने काहीतरी काढून बघायचे होते. त्या पंप केसिंगचे नोव्हेंबरमधले ड्रॉइंग मागितले. इथे अडले. बॅक्युला म्हणाला, त्या जॉबच्या फाइलींची यादी आता नाही. कारण ‘फाइल रिटेन्शन’ वेगळे असते आणि तुमच्याकडे ते साठ दिवसांवर होते, तेही नमुन्यातलेच. साठ दिवसांनंतर एकेक फाइल निवडता येत नाही, तो अख्खा जॉब परत आणावा लागतो. तसा आणला, पाऊण तास लागला, ड्रॉइंग निघाले. पॅटर्न शॉपमधल्या मिस्त्रींनी त्यावरची दुसऱ्या दुरुस्तीची खूण बोटाने दाखवून “ह्येच ते” म्हटले. फाइलची मुदतही आता व्हॉल्यूमइतकीच, 365 केली आहे. त्याने कॅटलॉग थोडा वाढेल, तुमच्या मशीनला ते जड नाही.

हिशेबाच्या बाजूने एक. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवावे लागते. ते काम या रोजच्या बॅकअपचे नाही, कारण वर्षाने हा पुसला जाणारच. मार्च बंद झाला की टॅलीचा त्या वर्षाचा डेटा वेगळा काढून, वर्षाचे नाव घालून, दोन ठिकाणी कायमचा ठेवा. यंदाचा अजून काढला नसेल तर हा अंक हातात पडेल त्या दिवशी काढा.

प्रश्न : मी राजारामपुरीत फोटो स्टुडिओ चालवतो. विंडोजमध्ये सिस्टिम इमेज घ्यायला गेलो तर 128 जीबीचा पेनड्राइव्ह चालत नाही म्हणते. बाहेरची दोन टेराबाइटची डिस्क लावली तर तीही योग्य जागा नाही म्हणते. दोन्ही माय कॉम्प्युटरमध्ये दिसतात, फोटो कॉपी होतात. लग्नसराई सुरू होतेय, घाई आहे.
– एक छायाचित्रकार

उत्तर : पेनड्राइव्ह सिस्टिम इमेजसाठी, म्हणजे विंडोजसकट अख्ख्या सिस्टिमच्या प्रतीसाठी, विंडोज स्वीकारतच नाही, त्याचा नाद सोडा. डिस्कचे कारण बहुधा तिचा फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फाइली मांडायची पद्धत. कॅमेऱ्याच्या आणि मॅकच्या सोयीसाठी अशा डिस्क बऱ्याचदा एक्सफॅट केलेल्या असतात. त्यावर फोटो कॉपी होतात, पण सिस्टिम इमेजला एनटीएफएसच लागते. डिस्कवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, फाइल सिस्टिमच्या पुढे काय लिहिले आहे ते बघा.

एक्सफॅट असेल तर एनटीएफएस करायला डिस्क फॉरमॅट करावी लागते, म्हणजे तिच्यावरचे सगळे जाते. तुम्ही लिहिले आहे की फोटो कॉपी होतात, याचा अर्थ तिच्यावर कुणाचे तरी लग्न आधीच असेल. ते दुसरीकडे हलवून, उघडून बघून, मगच फॉरमॅट. याहून बरे म्हणजे इमेजसाठी वेगळी डिस्क घ्या. विंडोज पुन्हा बसवता येते. हळदीचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून दोनपैकी एकाच कामाला आज वेळ असेल तर इमेज राहू द्या आणि फोटोंची दुसरी प्रत घ्या.

प्रश्न : कसबा बावड्यात माझे वकिलीचे ऑफिस आहे. जुन्या नेटवर्क स्टोरेजवर रोज बॅकअप जात असे. विंडोज 11 चा मोठा अपडेट झाल्यापासून बॅकअप म्हणतो की जागा सापडत नाही. डबा चालू आहे, दिवा हिरवा आहे.
– एक वकील

उत्तर : डबा तोच आहे, विंडोजने ओळख मागायला सुरुवात केली आहे. 24एच2 या अपडेटपासून विंडोज 11 ची प्रो आवृत्ती नेटवर्कवरच्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही मागते, आणि तिच्यात पासवर्डशिवायचा पाहुणा प्रवेशही बंद केला आहे. जुन्या स्टोरेजवर बहुधा ‘गेस्ट’ म्हणूनच जोडणी केलेली असते. त्याहीआधी, 2017 मधल्या विंडोज 10 च्या 1709 पासून, एसएमबी-1 ही नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत विंडोज हळूहळू काढून टाकत आली आहे. तुमचा डबा फक्त तीच बोलत असेल तर अडचण तिथेही असू शकते.

स्टोरेजच्या सेटिंगमध्ये तुमच्या नावाने खाते आणि पासवर्ड तयार करा, एसएमबी-2 किंवा 3 चालू करा, तिथे फर्मवेअरचा अपडेट असेल तर तो घ्या, आणि बॅकअपमध्ये ती जागा नव्या पासवर्डने पुन्हा जोडा. सही आणि पाहुण्याची बंदी विंडोजमध्ये उलट फिरवून देणारे उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेल. पक्षकारांचे कागद ज्या संगणकावर आहेत तिथे ते करू नका. डब्याला नवी पद्धत येतच नसेल तर तो बदलायची वेळ झाली, आणि तोपर्यंत रोज संध्याकाळी एनटीएफएस केलेल्या बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून कुलपात ठेवा.